उघडबोडक्याची दुसरी साक्ष

मी एक पत्र लिहिले होते. एकच पान, खाली माझी सही, वर 'गोपनीय' असा शेरा. त्यात मी देवरे गुरुजींवर खोटेपणाचा आरोप केला नव्हता. तेवढा सरळपणा माझ्या स्वभावात नाही. 'श्री. देवरे यांनी आणलेल्या काही नोंदींविषयी मन साशंक होते' एवढेच मी लिहिले आणि पुढे एका शब्दाचे उदाहरण दिले. पत्राचा परिणाम काय होणार हे मला लिहितानाच ठाऊक होते. तो झाला. त्यानंतर दहा वर्षे मी गुरुजींना भेटत राहिलो, त्यांच्याशी हसून बोलत राहिलो, आणि पत्राविषयी अवाक्षर काढले नाही.

आमच्या नाशिकच्या महाविद्यालयातील मराठी विभागाने जिल्ह्यातल्या बोलींचा कोश करायला घेतला होता आणि त्याच्या संपादनाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या कामाच्या पहिल्याच उन्हाळ्यात देवरे गुरुजी आले. बागलाणातल्या नामपूरचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सात-आठ वर्षे झाली असावीत. धोतर, सदरा, कडक इस्त्रीची पांढरी टोपी, आणि खांद्यावर जड कापडी पिशवी. पिशवीत चिठ्ठ्या होत्या. लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी एकेक शब्द लिहिला होता. एका बाजूला 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', दुसऱ्या बाजूला शब्द, त्याचा अर्थ, गाव, आणि तो शब्द ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य.

ती वाक्ये मी वाचली आणि त्याच दिवशी माझ्या मनात संशय शिरला. इतकी जिवंत वाक्ये मी कधी कुणाकडून मिळवली नव्हती. आमची पद्धत शास्त्रशुद्ध होती. छापील प्रश्नावली घेऊन आम्ही खेड्यात जायचो, पारावर माणसे बसवायचो आणि विचारायचो, 'याला तुमच्याकडे काय म्हणतात?' माणसे आमच्याकडे पाहून शुद्ध मराठीत उत्तर द्यायची. गुरुजी कधीच विचारत नसत.

"शब्द विचारायचा नसतो, सर," ते म्हणाले. "विचारला की तो इस्त्रीचे कपडे घालून बाहेर येतो. मग तो तुमचाच पाहुणा."

ते नुसते बसत. पिठाच्या गिरणीत, कांद्याच्या लिलावात, एसटीच्या थांब्यावर. कानावर शब्द पडला की मोजदादीसाठी एक शेंगदाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात जाई आणि ओठ हलू लागत. शब्द कागदावर उतरेपर्यंत ते तो पुटपुटत राहत, आणि तेवढ्या वेळात कोणी नमस्कार केला तरी उत्तर देत नसत. त्यामुळे आमच्या महाविद्यालयात ते तऱ्हेवाईक ठरले. मला तर ते सोंगच वाटे.

एकदा पंचवटीच्या भाजीबाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. एक बाई भाजीवाल्याशी भांडून पुढे निघाली आणि गुरुजी तिच्या मागे निघाले. ती मेथीपाशी थांबली, हेही थांबले. ती वांग्यांकडे वळली, हेही वळले. तिसऱ्या गाळ्यापाशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ओ बाबा! पाळत ठेवता का काय?"

"नाही ताई," गुरुजी अगदी गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही त्याला जे म्हणालात ना, त्यातलं अर्धंच माझ्या हाती आलंय. उरलेलं अर्धं काय म्हणालात?"

"म्हातारपणी शिव्या गोळा करता?"

"तरुणपणी नुसत्या खाल्ल्या. शाळामास्तर होतो."

बाई हसली आणि तिने ती शिवी त्यांना संपूर्ण सांगितली. गुरुजींनी तिचे आभार मानले. परतताना पुलावर मी विचारले, "या बाईचं नाव लिहून घेतलं नाहीत?" ते म्हणाले, "नाव विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मी असं बोललेच नाही." ते उत्तर मला पटले नाही. ज्याच्याजवळ साक्षीदाराचे नाव नाही त्याच्याजवळ साक्षच नाही, असे मी तेव्हा मानत असे. म्हणून कोशाच्या समितीत मी नियमच करून घेतला होता की प्रत्येक शब्दाला आणि प्रत्येक अर्थाला दोन वेगळ्या गावांतल्या दोन नावानिशी साक्षी हव्यात.

गुरुजींची टोपी हा विभागात चेष्टेचा विषय होता. मे महिन्यातही ती उतरत नसे. पंखा बंद पडला, वीज गेली, सगळ्यांच्या कपाळावरून घाम ओघळू लागला, तरी टोपी जागेवरच. पिशवीत दुसरी टोपी घडी घालून ठेवलेली असे. पहिलीला डाग पडला तर ते भिंतीकडे तोंड करून क्षणार्धात बदलत. आमचा एक तरुण सहकारी धीट होता. त्याने एकदा विचारलेच, "गुरुजी, टोपीखाली काय लपवलंय?"

"डोकं," गुरुजी म्हणाले. "एवढं एकच आहे. तुमच्या समितीला कधीतरी लागेल म्हणून झाकून ठेवलंय."

सगळे हसले. मीही हसलो. पण जो माणूस एक गोष्ट इतक्या निष्ठेने झाकतो तो आणखीही काही झाकत असेल, असे मला वाटून गेले. संशयाचे असेच असते. त्याला पुरावा लागत नाही. त्याला नुसती सवय लागते.

आता त्या शब्दाकडे येतो.

'उघडबोडका' हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक होता. डोक्यावर टोपी, पागोटे, काहीच नसलेला, असा त्याचा अर्थ. आमच्या घरातही 'उन्हात उघडबोडका हिंडू नकोस' असे ओरडत. त्यावर मी एका दिवाळी अंकात छोटा लेखही लिहिला होता. उघड म्हणजे उघडे आणि बोडके म्हणजे डोके, अशी मी त्यात सोपी फोड केली होती, आणि शहरातल्या माणसाने टोपी टाकली तेव्हा हा शब्द निरुपयोगी झाला, असा चटकदार शेवट केला होता. लेखाचे कौतुक झाले होते. गुरुजींनी तो वाचला आणि समितीच्या बैठकीत, सहा-सात माणसांदेखत, शाळेत पाढा चुकलेल्या पोराला सांगावे तसे प्रेमाने सांगितले:

"सर, फोड उलटी झाली. बोडकं म्हणजे डोकं, हा अर्थ मागाहून आला. तो रागातून आला. 'तुझ्या बोडक्यावर घाल' म्हणतात ना, त्यातला. मुळात आहे बोडणं. वस्तऱ्यानं डोकं साफ करणं. बोडलं तो बोडका. मग पानं झडलेलं झाड बोडकं, शेंडा खुडलेलं पीक बोडकं. टोपी नसलेला माणूस या रांगेत सगळ्यांत शेवटी येऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावर केस असले तरी शब्दानं ते आधीच उतरवलेले असतात."

"म्हणजे?" कोणीतरी विचारले.

"म्हणजे घरात माती झाली की डोकं बोडतात. म्हणून नुसतं उघडं डोकं दिसलं तरी आमच्याकडे पोटात गोळा येतो. आई उन्हासाठी ओरडत नसते हो सर. तिला ते डोकं बघवत नाही." ते पुढे म्हणाले, "पुरुषाला हा शब्द दहा-बारा दिवस लागतो. बाईला मात्र शिवी म्हणून जन्मभर. नवरा गेलेल्या बाईला काय म्हणायचे, ते तुम्हाला माहीत आहे. मी तो शब्द चिठ्ठीवर लिहिलाय, पण तोंडानं म्हणणार नाही."

त्यांचे म्हणणे बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळले होते. जुना कोश उघडायचीही गरज नव्हती. पण माझ्या लेखाची कात्रणे वाटली होती ती याच माणसांना, आणि आता तीच माणसे गुरुजींकडे पाहत होती. आज मी स्वतःला तपासून पाहतो तेव्हा वाटते की संशयाला तोंड फुटले ते शास्त्राच्या नावाने. त्याच्या मुळाशी ती दुपार होती.

आठ दिवसांनी गुरुजींनी 'उघडबोडका'ची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. त्यावर दोन अर्थ होते. पहिला आपला नेहमीचा. दुसरा असा: 'मरणाचा निरोप घेऊन जाणारा. तो बोलत नाही. डोके पाहून गाव समजते.' गाव नामपूर. साक्षीदाराची जागा कोरी.

"हा अर्थ कुठून आला, गुरुजी?"

"ऐकलाय."

"कुणाकडून?"

त्यांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "ते नाव आत्ता नाही लिहिता येणार."

"नावाशिवाय मला घेता येणार नाही. नियम आहे."

"मग चिठ्ठी राहू द्या तुमच्यापाशी. नाव लिहायची वेळ येईल. न आली तर बरंच."

हे वाक्य मला गूढ वाटले, आणि गूढ वाटणारी प्रत्येक गोष्ट मी एव्हाना त्यांच्या खाती लबाडी म्हणून टाकू लागलो होतो. मी स्वतः चौकशीला लागलो. चार माणसांना विचारले. त्यांतले एक आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब सोनवणे, सटाण्याकडचे. त्यांना मी व्हरांड्यात गाठले आणि थेट विचारले: उघडबोडका म्हणजे ज्याच्या घरी मरण झाले आहे, असा अर्थ तुमच्याकडे आहे का? भाऊसाहेबांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले आणि म्हणाले, "छे छे. असलं काही नाही, सर." उरलेल्या तिघांनीही तेच सांगितले. एकाने तर हात झटकून विषयच बदलला.

माझ्या दृष्टीने खटला संपला. मी समितीला पत्र लिहिले.

समितीने ठरवले की आता नावांची वाट न पाहता ज्या चिठ्ठ्यांवर साक्षीदाराचे नाव नाही त्या सगळ्या वगळाव्यात. गुरुजींच्या पाच वर्षांच्या पिशवीतून मूठभर शब्द उरले. प्रस्तावनेत त्यांचे नाव आले नाही; 'इतर साहाय्यक' या दोन शब्दांत ते मावले. प्रकाशनाच्या दिवशी ते नामपूरहून पहाटेच्या गाडीने आले, मागच्या रांगेत बसले, आणि भाषणे चालू असताना कोशाची पाने उलटत राहिले. मी दुरून पाहत होतो. ते एखाद्या पानावर थांबत, बोट खाली खाली नेत, आणि पान उलटत.

समारंभानंतर मी त्यांच्याजवळ गेलो. "पानांची मर्यादा होती, गुरुजी," मी म्हणालो.

त्यांनी कोश पिशवीत ठेवला. "पानांची असेल," ते म्हणाले. मग नेहमीच्या सुरात, "माझ्या नावाचं काही नाही हो, सर. पण आमच्या मायबाया बोलल्या ते कुठंतरी छापून राहिलं असतं. नातवंडं आता तसं बोलत नाहीत."

'असेल' या शब्दात किती जाणतेपण होते, याचा मी नंतर कित्येकदा विचार केला. ज्याने संशय पेरला त्याला पुढे सगळीकडे त्याचेच पीक दिसते. त्यांना कळले आहे का? कोणी सांगितले असेल? दिवाळीला त्यांचे पोस्टकार्ड आले की मी ते दोनदा वाचायचो, ओळींच्या मध्ये काही आहे का ते शोधत. काही नसे.

अशी सात-आठ वर्षे गेली. मग एका सकाळी मी विभागात चहा घेत होतो. भाऊसाहेब मस्टर घेऊन समोर बसले होते. दारात आमचे शिपाई किसनराव येऊन उभे राहिले. ते मूळचे सिन्नरकडच्या एका खेड्यातले. विभागाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. त्यांच्या डोक्यावर नेहमी पांढरी टोपी असायची. त्या दिवशी नव्हती. कपाळाचा वरचा भाग, जिथे ऊन कधी पोचले नव्हते, पांढुरका दिसत होता.

"काय किसनराव," मी म्हणालो, "आज टोपीला सुट्टी?"

किसनराव काही बोलले नाहीत. भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला आणि ते उठून उभे राहिले.

"कोण?" त्यांनी विचारले.

"म्हातारी," किसनराव म्हणाले.

"कधी?"

"पहाटं. गावाला न्यायचीय." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला.

"संग कुणी हाय का?" भाऊसाहेब त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू लागले होते.

"भाचा हाय खाली. जीप लावलीय."

ते गेले. माझा कप हातातच होता. मी जे बोललो होतो ते शब्द अजून खोलीत होते, आणि ते परत घेता येत नव्हते. तो खाली ठेवून मी विचारले, "भाऊसाहेब, तुम्हाला कसं कळलं?"

"डोकं उघडं होतं ना, सर. तसा माणूस दारात आला की टोपीचं विचारायचं नसतं. कोण, एवढंच विचारायचं."

"पण मी तुम्हाला विचारलं होतं. कोशाच्या वेळी. याच शब्दाचं. तुम्ही नाही म्हणालात."

भाऊसाहेबांना आठवायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा कठीण झाला. "तेव्हा माझे वडील दवाखान्यात होते. तुम्ही सकाळी सकाळी मला व्हरांड्यात उभं करून विचारता, उघडबोडका म्हणजे घरात मरण झालेला का. मी काय, हो म्हणू?"

"आणि बाकीच्या तिघांना विचारलं होतं, ते?"

"त्यांच्याही घरात कोणी ना कोणी जितं असेलच की, सर."

दोन गावांतल्या दोन साक्षी हव्यात, असा नियम मी केला होता. दुसरी साक्ष त्या दिवशी स्वतःच्या पायांनी माझ्या दारात येऊन उभी राहिली होती, आणि मी तिची चेष्टा केली होती.

एवढे कळल्यावर दुसऱ्या दिवशीच नामपूरची गाडी धरायला हवी होती. मला दोन वर्षे लागली. कोशाची समिती विसर्जित झाली होती. पुरवणी निघेल तेव्हा चिठ्ठ्या पुन्हा विचारात घ्याव्यात, असे पत्र मी विभागाकडे दिले, आणि काही दिवस तेवढ्यावर समाधान मानले. पत्र लिहिणे मला नेहमीच सोपे जाते.

गेल्या हिवाळ्यात अखेर गेलो. बाजाराचा दिवस होता. कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग बाजार समितीपासून थेट गुरुजींच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. गुरुजी ओट्यावर खाटेवर बसले होते, बरेच वाळलेले. डोक्यावर लोकरीची कानटोपी, हनुवटीपर्यंत ओढलेली. सुनेने आतून हाक मारून त्यांना सांगितले, "बाबा, नाशिकचे सर आलेत!"

"कोन?" मग ओळख पटली. "या, या! आठे बसा, मन्हाजवळ."

त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते. सून म्हणाली, "कानटोपी वर करा ना, बाबा." त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. मी मोठ्याने म्हणालो की उघडबोडक्याचे काम घेऊन आलो आहे, दुसरी साक्ष मिळाली आहे, सिन्नरकडची. शब्द कानी पडताच त्यांचा चेहरा उजळला.

"मिळाली? मग आता पहिलीचं नाव लिहून घ्या. आता लिहिता येतं. ठगूबाई देवरे, नामपूर. मन्ही माय."

त्यांनी सांगितले. त्यांना मास्तरकीची नेमणूक मिळाली त्याच वर्षी वडील वारले. मामाच्या गावी निरोप न्यायचा होता. आईने त्यांच्या डोक्यावरची टोपी स्वतःच्या हाताने काढून घेतली आणि म्हणाली, 'काही बोलू नको. उघडबोडका जाय.' ते चालत गेले. वाटेतल्या दोन गावांत बाया त्यांना पाहून दारे लोटून घेत होत्या. मामाने दुरूनच पाहिले आणि हातातली दोरी टाकली.

"तुम्ही नाव मागत होता तेव्हा ती आत चुलीपाशी बसलेली असायची, नव्वदीची. जित्या आईचं नाव त्या शब्दाखाली कसं लिहू? पाच वर्षं झाली तिला जाऊन." ते हसले. "आता निरोप न्यायला माणूस लागत नाही. मोबाईलच उघडबोडका येतो."

मी खाली पाहत म्हणालो, "गुरुजी, ते पत्र मी लिहिलं होतं."

"काय?"

"तुमच्या चिठ्ठ्या पानांमुळे नाही गेल्या. मी समितीला पत्र लिहिलं होतं."

"कोणाचं पत्र?"

सून आतून पाणी घेऊन आली. "सर, असं नाही ऐकू येत त्यांना. गल्लीला ऐकू गेलं तर त्यांना जातं."

तीस वर्षे शिकवले, पण शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज कधी पोचला नाही. मुलांची ती कायमची तक्रार. मी गुरुजींकडे पाहिले. ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत गोंधळ नव्हता. क्षणभर वाटले, यांनी पहिल्याच वेळी सगळे ऐकले आहे. कदाचित दहा वर्षांपूर्वीच. हा माझा शेवटचा संशय, आणि तो खरा की खोटा हे मी आता तपासणार नाही. त्यांनी हात कानामागे धरला आणि वाट पाहू लागले. समोरच्या ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केले. शेजारच्या ओट्यावर धान्य निवडणाऱ्या दोघी थांबल्या.

मी उभा राहिलो आणि ओरडून म्हणालो, "गुरुजी, तुम्ही शब्द मनानं रचता, असं मी लिहून दिलं होतं! ते खोटं होतं! शब्द खरा होता, तुम्ही खरे होता, आणि मी तुमच्यावर जळत होतो! मला माफ करा!"